कागदाची फियाट: रंगाआधी माप

नाशिकच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: वय सेहेचाळीस. लहानपणापासून वहीच्या मागच्या पानांवर गाड्या काढायची सवय. हल्ली मुलीच्या छोट्या धातूच्या गाड्या उघडून, रंगवून पाहिल्या. वडिलांची क्रीम रंगाची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, होती, ती मॉडेलमध्ये करायची आहे, पण मनासारखी तयार मिळत नाही. धातूची एखादी गाडी कापून-जोडून करावी की थेट कागदातून? हत्यारं कोणती, खर्च किती, पावसाळ्यात कागद टिकेल का? आणि दहा वर्षांच्या मुलीलाही हात घालायचा आहे, तिला काय द्यावं?

कागदातूनच करा. धातूच्या खेळण्यातल्या गाडीची पद्मिनी करायची म्हटलं तर चाकांमधलं अंतर बदलावं लागेल, छप्पर उचलावं लागेल, पुढचं तोंड आणि मागचे पंखासारखे भाग नव्याने घडवावे लागतील. एवढं सगळं केल्यावर मूळ गाडीचं उरतं काय? तळाचा पत्रा आणि चार चाकं. कागदात एखादा भाग बिघडला तर तेवढाच टाकून द्यायचा आणि दुसरा कापायचा. पुढेमागे रेझिनमध्ये ओतावीशी वाटलीच, तर हीच कागदी गाडी पॅटर्न, म्हणजे साचा काढायचा नमुना, म्हणून कामाला येते. माझी सगळी नोकरी पुण्यात छापखान्यात झाली, तेव्हा कागदाकडे माझा कल असणारच, तो हिशेबात धरून वाचा.

या छंदात नवा माणूस पहिले पैसे रंगावर घालतो. एअरब्रश, कॉम्प्रेसर, जपानी रंगांच्या बाटल्या. गाडी तयार होते, चकाकते, आणि तरी काहीतरी खटकत राहतं. बहुतेक वेळा खटकतं ते माप. पद्मिनीला जांभळा मेटॅलिक रंग द्या, गल्लीतलं पोरगंही ती ओळखेल. तिचं छप्पर १:२४ च्या, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढ्या, मॉडेलमध्ये तीन मिलिमीटर खाली आणा, आणि रंग अगदी वडिलांच्या गाडीचा असला तरी ती दुसरीच कुठली गाडी दिसेल. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या फोर्ड आणि मर्क्युरी गाड्यांचे खांब कापून छप्पर खाली बसवणारे कारागीर याच गोष्टीवर जगत होते. काही इंच पत्रा काढला की गाडीचा स्वभाव बदलतो. कस्टमायझिंग म्हणजे मापांशी समजून-उमजून केलेली छेडछाड. त्यासाठी मूळ माप आधी हातात पाहिजे.

तर माप. पद्मिनीच्या पुढच्या-मागच्या चाकांच्या केंद्रांमधलं अंतर २,३४० मिमी. लांबी साधारण ३.९३ मीटर, रुंदी १.४६, उंची १.४७. शेवटचे दोन आकडे पुन्हा वाचा. गाडी जेवढी रुंद, जवळजवळ तेवढीच उंच आहे. आजच्या गाड्या उंचीपेक्षा बऱ्याच रुंद असतात आणि आपले डोळे त्यालाच सरावलेत, म्हणून नुसत्या आठवणीवर केलेली पद्मिनी हमखास पसरट आणि बसकी होते. खरी पद्मिनी ताठ उभी असते. चाकं १४ इंची रिमची आणि अरुंद, टायर धरून व्यास साधारण ६० सेंटिमीटर. म्हणजे दोन चाकांच्या केंद्रांमध्ये जवळपास चार चाकं मावतात. हे प्रमाण लक्षात असलं की कुठल्याही बाजूच्या फोटोवरून उरलेली मापं काढता येतात.

१:२४ मध्ये चाकांमधलं अंतर ९७.५ मिमी येतं, लांबी १६४, रुंदी आणि उंची ६१ च्या आसपास, चाक २५. पहिल्या गाडीसाठी हेच प्रमाण घ्या. १:६४ चा मोह होईल, कारण बाजारातल्या लहान धातूच्या गाड्या त्याच मापाच्या. पण २०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्डपेपर साधारण पाव मिलिमीटर जाड असतो. १:६४ मध्ये तो खऱ्या गाडीवर १६ मिमीच्या पत्र्याइतका दिसेल. १:२४ मध्ये तोच ६ मिमी होतो आणि डोळ्याला चालून जातो.

आता फोटो. घरातल्या अल्बममध्ये वडील गाडीला टेकून उभे आहेत असा एखादा असेलच, पण तो जवळून काढलेला असणार. जवळून काढलेल्या फोटोत कॅमेऱ्याकडचा भाग फुगतो, त्यावरून मापं घेऊ नका. तो रंगासाठी आणि बारकाव्यांसाठी ठेवा. मापांसाठी लांबून, झूम करून, बरोबर बाजूने काढलेला फोटो हवा. विंटेज गाड्यांच्या रॅलीत पद्मिनी येतात. मालकाला विचारून पंधरा-वीस पावलं मागे जा आणि गाडीच्या कमरेच्या उंचीवर कॅमेरा धरा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचेही भरपूर फोटो मिळतात. २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा अनेक वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले होते. फोटो कॉम्प्युटरवर असा लहान-मोठा करा की चाकांमधलं अंतर कागदावर नेमकं ९७.५ मिमी येईल. प्रिंट देताना ‘फिट टू पेज’ बंद आहे ना ते बघा आणि छापून आल्यावर पट्टी लावून खात्री करा. झेरॉक्सवाला ‘तेवढंच आहे हो’ म्हणतो, त्यावर जाऊ नका.

कागद घेताना जीएसएम सगळे विचारतात, ग्रेन कोणी विचारत नाही. मशीनवर कागद बनताना त्यातले धागे बहुतांशी एकाच दिशेने बसतात, त्या दिशेला छापखान्यात ग्रेन म्हणतात. चौकोनी तुकडा कापून आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने निमूट वाकेल, त्या वाकाच्या रेषेतच ग्रेन आहे. ग्रेनच्या रेषेत घडी स्वच्छ पडते आणि गुंडाळी गुळगुळीत होते. आडव्या ग्रेनवर घडी तडकते, गोलाव्याला बारीक कोपरे येतात. पद्मिनीचं बॉनेट डावीकडून उजवीकडे गोलावा घेतं, म्हणून त्याचा ग्रेन गाडीच्या लांबीत हवा. कागदी गाडीचं बॉनेट ‘मोडलेलं’ दिसतं, त्यात अर्ध्याहून जास्त वेळा ग्रेनचाच घोळ असतो.

बाहेरच्या कातडीसाठी २०० जीएसएमचा आयव्हरी कार्ड आणि आतल्या सांगाड्यासाठी १ मिमीचा राखाडी पुठ्ठा, एवढं पुरतं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला हे सुटं मिळतं. तुमच्याकडे लग्नपत्रिका छापणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याच्या कटिंग मशीनखालची कातरण मागा. उत्तम कार्ड फुकटात मिळतं. कापायला महागडा क्राफ्ट नाइफ नको. सर्जिकलच्या दुकानातून ३ नंबरचं हँडल आणि ११ नंबरची ब्लेडं आणा. टोक अणकुचीदार आणि किंमत कमी, त्यामुळे धार गेली की ब्लेड बदलायला जीवावर येत नाही. बोथट ब्लेड कागद कापत नाही, ओढते. घडीसाठी संपलेलं बॉलपेन: पट्टी लावून रेघ दाबून ओढायची, मग घडी घालायची. चिकटवायला फेव्हिकॉल, पण काडीपेटीच्या काडीच्या टोकाने, अगदी पातळ. बोटाने लावला की कागद ओला होऊन फुगतो.

आता मुख्य अडचण. कागद एका दिशेने छान वाकतो. एकाच वेळी दोन्ही दिशांना वाकवायला गेलं की त्याला सुरकुत्या पडतात. गाऊस नावाच्या जर्मन गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे सिद्धच करून ठेवलंय, पण ब्लाऊज शिवणाऱ्या प्रत्येक बाईला ते त्याच्या आधीपासून माहीत आहे: गोलाईवर सपाट कापड बसवायचं तर टक्स घालावे लागतात. पद्मिनीचं छप्पर, पुढच्या मडगार्डचे खांदे, डिकीचं झाकण हे सगळे टक्स मागणारे भाग. विलीज जीप किंवा जुनी महिंद्रा असती तर प्रश्नच नव्हता. तिचे बहुतेक पत्रे सपाट किंवा एकाच दिशेने वाकलेले.

टक्स कुठे घालायचे हे ठरवण्याची एक पद्धत सांगतो, कारण इंटरनेटवरून उतरवलेल्या तयार नकाशांत हेच कच्चं असतं. ‘पेपाकुरा’ हे जपानी सॉफ्टवेअर त्रिमितीय आकार सपाट उलगडून देतं, ते चांगलंच आहे. पण गोल भागांचे ते बारीक बारीक त्रिकोण करतं आणि गाडी हिऱ्यासारखी पैलूदार दिसते. हेल्मेट, प्राणी यांना ते शोभतं, पद्मिनीला नाही. त्याऐवजी असं करा. राखाडी पुठ्ठ्याचा सांगाडा आधी उभा करा: मधोमध गाडीच्या बाजूच्या आकाराचा एक उभा काप, त्याला अर्ध्या खाचा पाडून अडकवलेले सहा-सात आडवे काप. बाहेर कार्डाची जाडी येणार आहे, तेवढा सांगाडा आत घ्या. कापांमधल्या जागा थर्माकोलच्या तुकड्यांनी भरा आणि पॉलिशपेपरने घासून पुठ्ठ्याच्या कडांशी समतल करा. आता तुमच्यापुढे गाडीचा एक ओबडधोबड पण मापात बसलेला ठोकळा आहे. त्यावर मास्किंग टेपच्या पट्ट्या एकमेकींवर चढवत ताणून लावा. टेपवर पेन्सिलीने दरवाजे, बॉनेट, काचा, छपराची कड काढा. मग त्या रेषांवर ब्लेड फिरवून एकेक भाग सोलून काढा आणि कार्डावर सपाट दाबा. जिथे टेप सपाट बसायला नकार देते आणि तुम्हाला ती चिरावी लागते, तिथे टक्स.

पद्मिनीचं नशीब असं, की छपराच्या कडेने पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हाळीसारखी पट्टी आहे. छपराचे चारही कोपऱ्यांतले टक्स त्या पट्टीपाशी संपवा, वरून कार्डाची दीड मिलिमीटरची पट्टी चिकटवली की सांधे अर्धेअधिक झाकले जातात. उरलेल्या गोलाव्यासाठी कार्डाच्या मागच्या बाजूला ओलसर कापूस फिरवा, कार्ड तळहातावर पालथं ठेवा आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मधून बाहेर घोटत जा. कागद थोडासा ताणला जातो आणि त्याला पोट येतं. थोडंसंच येतं, जास्त अपेक्षा केली तर धागे उपटून वर येतात. मडगार्डच्या खांद्यांना मात्र घोटून भागत नाही, तिथे तीन-तीन पाकळ्या कापून जोडाव्याच लागतात.

टायर मी काळ्या क्विलिंग पट्टीचे (गुंडाळून नक्षी करायची कागदी पट्टी) करतो. त्याचा हिशेब सोपा आहे. बाहेरचा व्यास २५ मिमी, रिमचा १५. या दोन वर्तुळांमधल्या क्षेत्रफळाला कागदाच्या जाडीने भागलं की पट्टीची लांबी मिळते. १२० जीएसएमचा कागद साधारण ०.१५ मिमी जाड धरला तर प्रत्येक टायरला २.१ मीटर पट्टी लागते. रुंदी ६ मिमी. १५ मिमीच्या नळीवर घट्ट गुंडाळत जा, फेव्हिकॉल फक्त सुरुवातीला, शेवटाला आणि मधे एखाद-दोनदा. गुंडाळून झालं की दोन्ही बाजूंना पातळ फेव्हीक्विक सोडा. कागद ते पिऊन प्लॅस्टिकसारखा टणक होतो, मग बाहेरची धार ४०० नंबरच्या वॉटरपेपरवर फिरवून टायरसारखी गोलसर करा. हे करताना खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांना झोंबते. चारही टायर एकाच पट्टीच्या पाकिटातले घ्या. वेगळ्या पाकिटातला कागद केसभर जरी जाड निघाला तरी एक चाक मोठं होतं आणि गाडी तीन पायांवर उभी राहते.

जाळी, बंपर, काचा यांचं फार अवघड नाही. पुढची जाळी म्हणजे कार्डाच्या आडव्या बारीक पट्ट्या, एकीवर एक. क्रोमसाठी स्वयंपाकघरातलं ॲल्युमिनियम फॉइल मऊ कापडाने घोटून लावलं तरी चालतं. काचेला ओएचपीची पारदर्शक शीट. पुढच्या दरवाजातली ती छोटी त्रिकोणी काच विसरू नका. वडील गाडी चालवताना तीच वळवून वारा अंगावर घेत असणार. ती नसली की दरवाजा कुठल्याही गाडीचा वाटतो.

रंगाकडे आता येऊ. कागदावर थेट रंग मारला तर तो पिऊन टाकतो आणि लव उभी राहते. सुतार लाकडाला लावतात तो एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) सँडिंग सीलर आणा, निम्मा थिनर घालून ब्रशने दोन पातळ हात द्या, वाळल्यावर ४०० ने घासा. सांध्यांत गाडी रंगवणाऱ्यांची लांबी (पुट्टी) भरा, पुन्हा घासा, मग राखाडी प्रायमर सर्फेसर. इथपर्यंत नीट झालं तर गाडी कागदाची आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. क्रीम रंगासाठी ऑटोपेंटच्या दुकानात जा, पण जुळवून आणलेल्या रंगात थोडा पांढरा मिसळा. लहान वस्तूवर तोच रंग गडद भासतो. क्रम मात्र पाळा: खाली एन.सी., वर इनॅमल चालतं. खाली इनॅमल आणि वर एन.सी. मारलं की थिनर खालच्या थराला उचलतो आणि सगळ्या गाडीला सुरकुत्या पडतात. मॉडेलवाल्यांपैकी काहीजण टू-के क्लिअरकोट, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर, वापरतात. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना घातक आहे, घरात नकोच.

मला स्वतःला दुसरा रस्ता जास्त आवडतो: रंगच लावायचा नाही. आरपार रंगीत असलेला क्रीम कार्डपेपर घ्या, म्हणजे कापलेली कडही क्रीमच राहते. सांधे दिसतात, दिसू द्या. त्यात प्रत्येक घडी उघडी पडते, म्हणून हात स्वच्छ लागतो. तुम्ही पहिली गाडी रंगवून करा, रंग बरंच सांभाळून घेतो.

कस्टमायझिंगच्या बाजूने तुमच्या प्रश्नातला खरा रस इथे आहे. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या एएमटी कंपनीने ‘थ्री इन वन’ किट काढले: एकाच खोक्यातल्या भागांतून गाडी कंपनीतून निघाली तशी करा, सजवलेली करा किंवा शर्यतीची करा. तिथल्या एका पिढीला या छंदाची गोडी त्या खोक्यांनी लावली. तुमच्याकडे नकाशा एकदा तयार झाला की तुम्हीही तीन गाड्या करू शकता. पहिली, कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली तशी. दुसरी, वडिलांकडे होती तशी. तिसरी, तुमच्या मनातली.

दुसरी सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत करण्याजोगी. कारण प्रत्येक पद्मिनी मालकाने आपापल्या परीने कस्टमाईज केलेलीच असायची, फक्त त्याला कोणी तो शब्द वापरत नव्हतं. छपरावर कॅरियर, मागच्या काचेला पडदे किंवा जाळीचे सनशेड, डॅशबोर्डवर गणपती, सीटवर विणलेली कव्हरं, बाहेरून लावलेला जादाचा आरसा, मागे रेडियममध्ये कुलदैवताचं नाव. नंतरच्या काळात एका दरवाजाचा रंग बाकी गाडीपेक्षा अर्धी छटा वेगळा, कारण कुठेतरी घासली आणि डेंटिंग-पेंटिंगवाल्याने तेवढाच दरवाजा मारला. आईला विचारा, काकांना विचारा, मग यादी करा. कॅरियर शिलाईच्या जाड दोऱ्याला फेव्हीक्विक पाजून होतो. रेडियमची अक्षरं आणि नंबरप्लेट रेडियमच्या दुकानात प्लॉटरवर कापून मिळते; अगदी बारीक अक्षरं मशीन फाडतं, ती लेझर प्रिंटरने छापून चिकटवा. त्या काळच्या खाजगी गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पांढरी, हे ध्यानात ठेवा. आजची पांढरी पाटी लावली तर गाडीचं वय एकदम कमी होतं.

तिसऱ्या गाडीत काय वाटेल ते करा. छप्पर कापा, चाकं मोठी करा, मागचा भाग काढून पिकअप करा. खऱ्या गाडीवर यातलं फारसं करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ वर्णनाशी न जुळणारे बदल चालत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निकाल दिला. टेबलावरच्या गाडीला आरटीओ नाही. एकच अट मी घालेन: एका वेळी एकच मोठं माप बदला. छप्पर खाली आणलं असेल तर चाकं तीच ठेवा, गाडी डोळ्यांपुढे ठेवून आठवडाभर येता-जाता बघा, मग पुढचं ठरवा. सगळं एकदम बदललं की पद्मिनी हरवते, आणि मग पद्मिनी घेण्याचं कारणच राहत नाही.

मुलीच्या धातूच्या गाड्यांबद्दल. त्या वाया घालवू नका, रंगाचा हात त्यांच्यावर बसवा. तळाशी रिबिटची दोन टोकं दिसतात, त्यांवर मधोमध खूण ठोकून ३ मिमीच्या ड्रिलने फक्त डोकं उडवा, गाडी उघडते. आतलं प्लॅस्टिक काढल्याशिवाय पेंट रिमूव्हर लावू नका, ते विरघळतं. रिमूव्हर काचेच्या बरणीत, गच्चीवर, रबरी हातमोजे घालून आणि मुलीला लांब ठेवून. बॉडी मिश्रधातूची असते, बहुतांश जस्ताची, म्हणून घासल्यावर त्याच दिवशी प्रायमर मारा. कागद इथेही उपयोगी पडतो: रुंद मडगार्ड, स्पॉइलर, छपरावरची हवेची खिडकी हे सगळं कार्डमधून कापून, फेव्हीक्विक पाजून धातूवर बसवता येतं आणि प्रायमरखाली भेद राहत नाही.

मुलीला पद्मिनीत ओढू नका, तिला एसटी द्या. बस म्हणजे खोकं. सगळ्या घड्या सरळ, कात्री पुरते, ब्लेडला हात लावायची गरज नाही, आणि एका दुपारी काहीतरी उभं राहिलेलं दिसतं. साधारण ११ मीटरची बस १:४३ मध्ये साडेपंचवीस सेंटिमीटर होते, म्हणजे बाजू ए-४ कागदावर आरामात मावते. बाजूचा कागद तिला स्वतः रंगवू द्या: लाल-पिवळी साधी, हिरवी-पांढरी एशियाड किंवा तिच्या कल्पनेतली. एसटीच्या गाड्यांची बांधणी दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या महामंडळाच्याच कार्यशाळांत होत आली आहे, म्हणजे चासिस बाहेरून आणायची आणि वर आपली बॉडी चढवायची. तिलाही तसंच करायला लावा: आधी चाकांसकट सपाट चासिस, मग वरून खोकं. एकाच चासिसवर दोन-तीन खोकी आलटून-पालटून बसवता आली की ती तुमच्यापेक्षा जास्त गाड्या करेल.

‘या वयात खेळणी?’ असं कोणी घरात म्हणालं, तर फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्डचं उदाहरण द्या. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी या विभागाने १९३० ते १९६८ अमेरिकेतल्या मुलांसाठी मॉडेल बनवण्याची स्पर्धा चालवली. सुरुवातीला घोडागाडीचं मॉडेल होतं, नंतर मुलांनी स्वतः आखलेल्या १:१२ च्या गाड्या. बक्षीस म्हणून कॉलेजची शिष्यवृत्ती. १९४७ चा विजेता चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या सगळ्या डिझाइनचा प्रमुख झाला. अर्थात आपल्याला प्रमुख व्हायचं नाहीये, वडिलांची गाडी करायची आहे.

राहता राहिला पावसाळा आणि खर्च. सीलर बसलेली गाडी नाशिकच्या हवेत वर्षानुवर्षं टिकते. कोकणात मात्र जास्त जपावं लागतं. गाडीच्या पोटातूनही सीलर द्या, फक्त थर्माकोल उघडा असेल तिथे नको, थिनरने तो विरघळतो. लोक बाहेरून चार हात मारतात आणि आतला पुठ्ठा कोरा ठेवतात, मग दमट हवा तिथून शिरते आणि दरवाजे फुगतात. काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या पेटीत ठेवा, कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी, आणि जूनच्या आधी ती पुडी बदला. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका, आत दव धरतं. कसर लागू नये म्हणून डांबराची गोळी ठेवायची सवय अनेकांना असते. थर्माकोल भरलेल्या आणि रंगवलेल्या गाडीजवळ ती ठेवू नका, तिच्या वाफेने थर्माकोल खचतो आणि रंग मऊ पडतो. पेटीच्या सांध्यांना टेप मारणं जास्त बरं. थेट ऊन येणाऱ्या खिडकीत पेटी नको, रंगीत कार्ड वापरलं असेल तर अजिबातच नको.

पहिल्या गाडीचं सगळं सामान, कटिंग मॅट धरून, हजार-बाराशे रुपयांत बसावं. एअरब्रश तिसऱ्या गाडीच्या वेळी घ्या; तोवर प्रायमर आणि रंग दोन्ही स्प्रे कॅनने होतं, फक्त कॅन वापरण्याआधी कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा आणि हात गाडीच्या बाहेर सुरू करून गाडीच्या बाहेरच थांबवा.